सिंदीच्या नंदीचं डावं शिंग

विदर्भातून परत आल्यावर पंधरा दिवस माझे दोन्ही गुडघे सोललेले होते. कोल्हापुरात ऑफिसातल्या बायका विचारायच्या, "काय हो, पडलात का?" मी सांगायची, "नाही, नंदीच्या पोटाखाली बसले होते." मग त्या आपापल्या फायली उघडायच्या. म्हणून म्हटलं, काय झालं ते एकदा लिहूनच टाकावं. गोष्ट दोन हजार चार सालच्या पोळ्याची आहे.

माझी मैत्रीण शैला लग्न होऊन वर्धा जिल्ह्यातल्या सिंदीला गेली, त्याला वीस वर्षं झाली होती. दर श्रावणात तिचं पत्र यायचं, तान्ह्या पोळ्याला ये म्हणून. आमच्याकडे बेंदूर असतो, बैल रंगवतात, मिरवतात, संपलं. तिकडे पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लाकडाच्या बैलांचा वेगळा पोळा भरतो, तोच तान्हा पोळा. पोरंसोरं वीतभर नंदी दोरीनं ओढत दारोदार नेतात. सिंदीत मात्र मोठ्या माणसांचेही नंदी निघतात, चाकांच्या पाटावर उभे केलेले, माणसापेक्षा उंच. दर वर्षी मी काहीतरी कारण काढून टाळायची. त्या वर्षी पत्राऐवजी फोन आला. आवाज असा, की घशात वाळू भरलेली असावी.

"ये बाई. माझा घसा पार बसून गेला. तुझी गरज आहे."

मला वाटलं, पुरण वाटायला बोलावतेय.

वर्धा, मग सिंदी, मग पुन्हा सिंदी

वर्ध्याला उतरून मी रिक्षावाल्याला रुबाबात सांगितलं, "सिंदी." त्यानं दहा मिनिटांत सिंदीत आणून सोडलं. तासभर शैलाचं घर शोधलं. एका पानठेल्यावरच्या म्हाताऱ्यानं माझी दया येऊन विचारलं, "बाई, तुमाले मेघे पाहिजे का रेल्वे?" तेव्हा उमगलं की वर्ध्याला चिकटलेली ती सिंदी मेघे, आणि माझी ती सिंदी रेल्वे, जिच्या नावातच स्टेशन आहे. आणि मी स्टेशनातून उठून रिक्षात बसले होते. परत जाऊन पॅसेंजर पकडली. शैलाच्या दारात पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि माझं डोकं तापलं होतं.

घर नवं, दोन वर्षांपूर्वी बांधलेलं. खाली बैठक, बैठकीला रस्त्याकडे सागवानी दार, नक्षीची चौकट. बैठकीच्या मधोमध चादरीखाली काहीतरी प्रचंड उभं होतं. त्याच्या एका बाजूला शैलाचे यजमान मधुकरराव, हार्डवेअरचं दुकान चालवणारे, गोरे-गोल गृहस्थ. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर तिचे सासरे. वय ऐंशीच्या घरात, पण पाठ ताठ. गल्लीभर त्यांना आबाजी म्हणतात, मीही तेच म्हटलं.

आबाजींनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "त्याले सांगा, पाव्हण्याले पानी दे."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मधुकरराव दोन हात अंतरावर उभे होते, पण जागचे हलले नाहीत. शेवटी शैला माझ्या कानाशी येऊन घोगऱ्या आवाजात पुटपुटली, "सांग ना त्यांना."

"पाणी द्या," मी मधुकररावांना म्हटलं. ते लगबगीनं पाणी घेऊन आले.

स्वयंपाकघरात शैलानं सगळं सांगितलं. मागच्या पोळ्यानंतर आठव्या दिवशी मधुकररावांनी बैलजोडी विकली. शेत बटाईनं, म्हणजे वाट्यानं कसायला दिलेलं, नांगरायला ट्रॅक्टर, बैल नुसते उभे. आबाजी तेव्हा लेकीकडे नाचणगावला गेलते. परत येऊन बघतात तर गोठा रिकामा. त्या दिवसापासून बापानं लेकाशी शब्द काढला नाही, आणि बाप बोलत नाही म्हणून लेकही बोलेना. अकरा महिने एका छपराखाली शैला दोघांच्या मधे उभी राहून ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगत होती. शेवटी घशानं हात टेकले.

"मामाजी असेच गेले ना तर हे जन्मभर झुरतील गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मले काही नको, फक्त एकदा 'मध्या' म्हणून हाक मारू दे त्यांना. तोवर दोन दिवस तू सांग."

कोल्हापूरची शैला वीस वर्षांत 'मले' म्हणायला लागली होती. मी म्हटलं, बरं.

त्या संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, हळद आणि तूप लावून पळसाच्या पानानं शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. म्हणजे बैल दुसऱ्या दिवशी घरचा पाहुणा. मला ही रीत फार आवडली. आमच्याकडे बैलाला सजवतात, पण त्याच्या दुखऱ्या जागेची आठवण इतकी सरळ कोणी काढत नाही.

पण ह्या घरात बैल नव्हता. मधुकररावांनी चादर ओढली.

आत नंदी होता, सागाचा, सहा फुटांहून उंच, कपाळावर पांढरा चंद्र. गुलाबराव मिस्त्रींनी तीन महिने ह्याच बैठकीत बसून तो घडवला होता, कारण बाहेर पाऊस. उजवं शिंग सरळ वर गेलेलं. डावं मात्र आडवं बाहेर निघालेलं, कपडे वाळत घालायच्या काठीसारखं. ते सकाळीच बसवलं होतं.

"चांद्या," शैला पुटपुटली. विकलेल्या जोडीतल्या डाव्या बैलाचं नाव. त्याचं शिंग जन्मापासून असंच होतं म्हणे, आणि आबाजी वखरताना त्यावर आपलं उपरणं अडकवत.

आबाजी उठले. शिंगावरून हात फिरवला, मुळापासून टोकापर्यंत, परत मुळापर्यंत. मग आत जाऊन तुपाची वाटी आणली आणि लाकडाच्या त्या खांद्याला हळद-तूप चोळून पळसाच्या गरम पानानं कितीतरी वेळ शेकत राहिले. शेवटी नंदीच्या लाकडी कानात तोंड घालून आवतण दिलं. 

आबाजी माझ्याकडे वळले. "त्याले सांगा, शिंग बरोबर हाये."

एवढंच. मी सांगितलं. मधुकरराव तोंड फिरवून बाहेर गेले.

पोळा

दुसऱ्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा. मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली ओळीनं बैल, अंगावर झुली, शिंगांना बेगड. माणसं एकेक पुढे होऊन झडत्या म्हणत होती. झडती म्हणजे जागच्या जागी रचलेलं टोमण्यांचं गाणं, शेवटी सगळ्यांनी 'हर बोला, हर हर महादेव' म्हणायचं. सरपंचापासून सासूपर्यंत कोणी सुटत नाही, आणि कोणी रागावतही नाही. आमच्याकडे असं म्हटलं तर संध्याकाळी पंचायत बसेल.

एका शेतकऱ्यानं ओळीत ट्रॅक्टर आणून लावला होता. बॉनेटला टिळा, दिव्यांना झेंडूच्या माळा, सायलेन्सरला बेगड. वाद झाला. एक जण म्हणाला, काम तर हाच करून राह्यला, मग पूजा काऊन नाई? लोकांनी आबाजींना विचारलं. आबाजी ट्रॅक्टरभोवती गंभीरपणे एक फेरी मारून आले.

"पूजा करा, माझी मनाई नाई. पन काल ह्याले शेकलं कुठं? ह्याचा खांदा कुठं हाये?"

 ट्रॅक्टरवाल्यानं विचार करून म्हटलं, "स्टेरिंग?" आबाजींनी मान हलवली. मग माझ्या शेजारी येऊन बसले आणि आपणहून बोलले. म्हणाले, "बाई, पोळा बैलासाठी नसते. बैलाले काय समजते? वर्षभर आपन त्याच्या मानेवर बसतो, त्याची एक दिवस माफी मागाची, म्हणून पोळा. लेकरांनी लहानपणापासून मागावी म्हणून लाकडाचा. लाकूड तरी काय, कोणाच्या तरी खांद्यावरूनच येते." मला त्या माणसाचा राग होता, पण तेव्हा तो थोडा उतरला.

जेवण मात्र माझ्या कसोटीचं निघालं. आमच्याकडे पोळीबरोबर कटाची आमटी. इथे कढी, वडे, आणि पोळीवर तुपाची धार कोणी थांबवत नाही. जेवताना माझी नोकरी चालूच होती. मधुकरराव म्हणाले, "ताई, त्याइले इचारा, बीपीची गोळी घेतली का. नसन घेतली तर मी काय दवाखान्यात बोंबलत फिरू का?"

मी आबाजींना म्हटलं, "मधुकरराव काळजीनं विचारतायत, गोळी घेतलीत का."

"असं नाई म्हटलं त्यानं," आबाजी म्हणाले. "म्या आयकलं. जसंच्या तसं सांगा."

"तुम्ही ऐकलंत, तर मी कशाला सांगू?"

"आयकलं म्हणजे सांगितलं नाई होत."

 मी बोंबलण्यासकट सांगितलं. शैलानं मान खाली घालून मला आणखी एक वडा वाढला. तिनं हे अकरा महिने, सकाळच्या दातवणापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत, कसं केलं असेल ह्याचा विचार करत मी तो वडा कढीत नुसता फिरवत राहिले.

तान्हा पोळा

तिसऱ्या दिवशी दुपारी नंदी निघायचे. दोनच्या सुमाराला गल्लीतून पहिला नंदी गेला, मग दुसरा. घुंगरांचा आवाज, पोरांचे वीतभर नंदी पायात. आमच्या नंदीला झूल घातली, गळ्यात कवड्यांची माळ. आबाजी कोरं धोतर नेसून रस्त्यावर पुढची दोरी धरून उभे. मागून मधुकरराव आणि गुलाबराव मिस्त्री ढकलायला.

नंदीचं नाक बाहेर गेलं. उजवं शिंग बाहेर गेलं. मग काड् असा आवाज झाला आणि सगळं थांबलं. डावं शिंग चौकटीच्या आत अडकलं होतं.

मिस्त्रींनी खिशातून टेप काढला, शिंग मोजलं, दार मोजलं, पुन्हा शिंग मोजलं. "दार म्या मोजलं होतं," ते म्हणाले, "पन सरळ शिंगाच्या हिशेबानं. आडवं कराचं तुमी मागून सांगितलं." नंदी मागे ओढला, तिरका केला, वाकवला, पुढची चाकं उंबऱ्याच्या पायरीवरून खाली उतरवून पाहिली. त्या शेवटच्या युक्तीनं तो असा बसला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. छातीनं दार भरून टाकलं. बाप रस्त्यावर, लेक घरात, मधे चांद्या.

मिस्त्री म्हणाले, शिंग मुळाशी कापतो, बाहेर नेऊन खुंटीवर पुन्हा बसवतो, पाव घंट्याचं काम. मधुकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या दारानं निघाले, न्हाणीघराला वळसा, शेजाऱ्यांचं कुंपण, गल्ली, आणि पुढे आबाजी.

"शिंग कापायचं का, विचारतायत."

"परवा आवतण दिलं त्याले," आबाजी म्हणाले. "पाव्हण्याले करवत लावते का कोनी? त्याले सांगा, नाई."

मी पुन्हा गल्ली, कुंपण, न्हाणीघर. सांगितलं. मधुकरराव म्हणाले, त्याइले इचारा, मग काय करू, आरती करत बसू का इथंच? मी पुन्हा निघाले. भाद्रपदाचं ऊन, पोटात पुरण आणि पायात शैलाच्या चपला. तिसऱ्या फेरीला मी ठरवलं, बास. नंदीच्या चार पायांमधे पाटावर जागा होती. मी पदर खोचला आणि रांगत त्याच्या पोटाखाली जाऊन बसले. इथून दोन्हीकडचं ऐकू येत होतं. म्हणजे त्यांनाही एकमेकांचं ऐकू येतच होतं, पण ते सांगितलेलं होत नव्हतं.

तोवर गल्ली जमली. कोणी तेल लावा म्हणालं, कोणी साबण. एकानं सुचवलं की नंदीला इथेच दारात ठेवा, घराचंच देऊळ होईल. आणि समोरच्या ओट्यावरून एका पोरगेल्या मास्तरानं झडती म्हटली:

बाप उभा रस्त्यात, लेक उभा घरात,
मधात अडला चांद्या, शिंग त्याचं दारात,
कोल्हापूरची बाई बसली त्याच्या पोटात,
हर बोला, हर हर महादेव!

शंभर माणसांनी 'हर हर महादेव' केलं. मी पोटाखालून हात जोडले, दुसरं काय करणार.

आणि मग माझं डोकं सटकलं. सांगून टाकते, मी मुळात फार सोशिक बाई नाही. मी दोन्हीकडे तोंड करून ओरडले, "मी आता एक शब्द सांगणार नाही. तुमचं तोंड, तुमचे कान, तुमचा बैल. वाटलं तर संध्याकाळपर्यंत उभे राहा." आणि रांगत बाहेर येऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

  शेवटचा नंदी गल्लीच्या टोकाशी वळून गेल्याचे घुंगरू ऐकू आले. मग आतून धाड असा आवाज झाला. मधुकररावांनी दुकानातून आणलेला घण उचलून आपल्याच नव्या घराच्या चौकटीशेजारच्या भिंतीवर घातला होता. दुसरा घाव. प्लॅस्टरचा धुरळा नंदीच्या पाठीवर. तिसरा घाव चुकला, घण हातातून निसटला, आणि आतून 'अगाई गं' ऐकू आलं.

आबाजींनी दोरी सोडली.

"मध्या," ते म्हणाले. "घन असा नाई धरत."

 मग मधुकररावांचा आवाज आला, फाटलेला. "मग कसा धरत?"

"थांब."

आणि तो ऐंशीच्या घरातला माणूस कोऱ्या धोतरानिशी वाकला आणि नंदीच्या पोटाखालून रांगत आपल्या घरात गेला. पुढे आम्हाला फक्त आवाज ऐकू येत होते. डावा हात वर. अरे वर म्हटलं ना. बाबा, तुम्ही बाजूला व्हा, डोळ्यात जाईन. माझ्या डोळ्याचं सांगू नको, विटेच्या सांध्यावर मार. तुमालेच तर ही भित पक्की पाहिजे होती. मले काय मालूम, यातून बैल काढाचा हाये!

शैला मागच्या दारानं वळसा घालून माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. हाताला बेसन, डोळ्यांतून पाणी.

भिंतीला हातभर खिंडार पडल्यावर चांद्या बाहेर आला, शिंगासकट. मैदानात पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, पोरं बोजारा, म्हणजे नंदीच्या नावानं दारोदार मिळालेला खाऊ, मोजत बसली होती. आमचा नंदी ओळीच्या अगदी शेवटी उभा राहिला, अंगभर प्लॅस्टरचा धुरळा घेऊन. कोणी त्याच्याकडे विशेष पाहिलं नाही. मधुकररावांनी बापाच्या धोतरावरची धूळ झटकायला हात पुढे केला, तर आबाजी म्हणाले, "राहू दे, खराबच हाये आता." पण हात बाजूला केला नाही.

परत

चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती भांडणाच्या आवाजानं. नंदी आत घ्यायचा की ओट्यावर छप्पर टाकायचं, भिंत बुजवायची की दार मोठं करायचं, ह्यावर बापलेक खिंडाराच्या दोन बाजूंना उभे राहून समोरासमोर भांडत होते. शैला मधे बसून चहा पीत होती आणि कोणाचंही कोणाला सांगत नव्हती. तिचा चेहरा मी लग्नानंतर इतका सैलावलेला पाहिला नव्हता.

मधुकरराव गवंडी आणायला गेले, म्हणून आबाजी मला स्टेशनवर सोडायला आले. बाकावर बसलो. वर्ध्याकडची पॅसेंजर यायला वेळ होता. मी म्हटलं, आता जातच आहे तर विचारून घेते.

"आबाजी, इतका राग होता?"

"राग दिवाळीलेच गेलता," ते म्हणाले. "बैल म्हातारे झालते, म्या तरी काय केलं असतं? दिवाळीले बोलाचंच ठरवलं होतं म्या."

"मग का नाही बोललात?"

आबाजींनी रुळांकडे पाहिलं. "सूनबाई इतकं बरोबर सांगे ना बाप्पा. शब्दाले शब्द. मंग बोलाची जरूरच नाई पडली."

गाडी आली. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "लई चांगलं केलं तिनं. तिले सांगजा."

शैलाशी त्यानंतर कितीदा फोनवर बोलले. तान्ह्या पोळ्याला पुन्हाही जाऊन आले. हा एक निरोप मात्र मी अजून तिला सांगितलेला नाही.